आठवीतला सी

नेब्रास्का, ९ सप्टेंबर

प्रिय अर्लिस,

फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी बहिणी तिसऱ्या मिनिटाला भांडायला लागतो आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. म्हणून लिहितेय. डोकं फिरलंय माझं.

ब्रेनाचं ट्रान्सक्रिप्ट आलं. विद्यापीठाच्या अर्जासोबत सगळ्या वर्षांच्या ग्रेडचा हा कागद लागतो म्हणून मागवलं होतं. मोठ्या कौतुकाने लिफाफा फोडला, आणि सगळ्यात वरची ओळ काय, तर 'बीजगणित १, इयत्ता आठवी, सी'. पोरगी आता बारावीत आहे. नववीत हायस्कूलमध्ये पाऊल टाकायच्या आधीची गोष्ट हायस्कूलच्या कागदावर आलीच कशी? तेव्हा ती तेरा वर्षांची होती, दातांना तारा होत्या आणि बुटांच्या नाड्या कायम सुटलेल्या असायच्या.

बरं, नुसती ओळ असती तर सोडून दिलं असतं. पण तो सी सरासरीत धरलाय. तिची सरासरी आहे चारपैकी ३.७१. पशुवैद्यकाच्या आधीचा जो कोर्स तिला हवाय, त्यांच्या पानावर लिहिलंय की प्रवेश मिळालेल्या बहुतेक मुलांची सरासरी ३.७५च्या वर असते. मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर तो सी वगळून हिशेब केला. ३.७९ येते. एका सीमुळे पोरीचं घोडं अडलंय. ती नऊ वर्षांची असल्यापासून जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हणतेय, तुला माहीतच आहे. यंदा तर रोज सकाळी शाळेतर्फे डॉक्टर ओल्टमनच्या दवाखान्यात तिचा वर्ग असतो. वासरांना इंजेक्शन देते, आणि घरी येऊन जेवताना त्याचं वर्णन करते.

काउन्सेलर मिस्टर लुबेनना भेटले. त्यांच्या वाट्याला साडेतीनशे मुलं. त्यांनी मला, तिच्या आईला, दोनदा 'ब्रेनाची आजी' म्हटलं आणि 'जिल्ह्याचं धोरण आहे' असं चारदा. मी हात टेकले.

तू अठ्ठावीस वर्षं शाळेच्या रेकॉर्ड ऑफिसात हीच कागदपत्रं बनवलीस. यावर काहीतरी इलाज असेलच. सांग.

सी का मिळाला हे विचारशील, म्हणून आधीच सांगते. त्या वर्षी तिला फ्लू झाला होता.

जनेल

*

आयोवा, १६ सप्टेंबर

जनेल,

सगळ्यात आधी, काउन्सेलरला काही विचारायचं नसतं. काउन्सेलरच्या भिंतीवर पोस्टरं असतात, कपाटात काही नसतं. कपाटाची किल्ली रेकॉर्डवाल्या बाईकडे असते. तिचं नाव शोधून काढ आणि तिच्याशी नीट बोल. तुझ्या त्या दुकानातल्या आवाजात नको.

आता आठवीची ओळ तिथे कशी आली ते. बीजगणित हा हायस्कूलचा विषय. ज्यांचं पोर हुशार त्यांना घाई असते, ते पोराला आठवीतच तो घ्यायला लावतात. घेतला की विषय पूर्ण केल्याचं क्रेडिट हायस्कूलचं मिळतं, आणि क्रेडिट आलं की त्याच्यासोबत ग्रेडही येते. ए आला की आईबाप मिरवतात, सी आला की माझ्या खिडकीशी येऊन रडतात. अठ्ठावीस वर्षं हाच तमाशा बघितला. तूसुद्धा तेव्हा मला कळवलं होतंस की ब्रेनाला एक वर्ष आधी बीजगणितात घेतलं. ख्रिसमसच्या कार्डावर लिहिलं होतंस, जागा नव्हती तरी कडेने उभं लिहिलं होतंस.

बहुतेक जिल्ह्यांत एक फॉर्म असतो. मिडल स्कूलमध्ये, म्हणजे नववीच्या आधी, घेतलेला विषय ट्रान्सक्रिप्टवरून काढून टाकावा असा पालकाने अर्ज करायचा. कुणी तो आपणहून दाखवत नाही. फॉर्म माग, सही कर, विषय संपला.

आणि फ्लूचं मला काही पटलं नाही. जी मुलगी दहाव्या वर्षी पत्त्यांच्या डावात माझी बेरीज चुकलेली दाखवते, तिला फ्लूने सी मिळतो होय? कितीसा मोठा फ्लू होता?

अर्लिस

*

नेब्रास्का, ३ ऑक्टोबर

प्रिय अर्लिस,

झालं. पण त्यासाठी नाकी नऊ आले.

रेकॉर्डवाली बाई म्हणजे मिसेस टोमन. ती फक्त मंगळवारी आणि गुरुवारी बसते, आणि तीनला खिडकी बंद करते. पहिल्या खेपेला मी तीन वाजून दोन मिनिटांनी पोचले. काचेपलीकडे ती दिसत होती, सँडविच खात होती, माझ्याकडे बघतही होती. दुसऱ्या खेपेला फॉर्म मिळाला, पण ओळखपत्राची प्रत हवी म्हणाली, आणि प्रत काढायचं यंत्र तिच्या पाठीमागेच उभं असताना मला ग्रंथालयात पाठवलं. तिसऱ्या खेपेला सही केली. तू सांगितलं होतंस तशी गोड बोलले. घरी येऊन गाल दुखत होते.

आठ दिवसांत नवीन ट्रान्सक्रिप्ट आलं. आठवीची ओळच नाही. नववीपासून सुरू. सरासरी ३.७९. त्याच दिवशी विद्यापीठाला पाठवून दिलं.

मी मुद्दाम चिली आणि सिनॅमन रोल केले आणि जेवताना तो कागद ब्रेनासमोर ठेवला. तिने वाचला आणि ताट सरकवलं. म्हणाली, "मला विचारलंस का?" मी म्हटलं, यात विचारायचं काय, तुझ्याच भल्याचं आहे. ती उठून दवाखान्यात निघून गेली. सिनॅमन रोल तसाच राहिला. कागदावर तिचं नाव असलं तरी खेटे कुणी घातले, गोड कोण बोललं? कृतज्ञता म्हणून काही असते की नाही?

तुझ्या जिभेला मात्र हाड नाही. फ्लू मोठा होता की छोटा, आता काय करायचंय? ओळ गेली ना.

जनेल

*

आयोवा, ११ ऑक्टोबर

जनेल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. उत्तर लगेच दे.

तू लिहितेस, 'ओळच नाही'. ओळच नाही म्हणजे काय? आमच्याकडे अर्ज केला की फक्त ग्रेड जायची. विषयाचं नाव राहायचं, क्रेडिट राहायचं, सीच्या जागी नुसतं 'उत्तीर्ण' यायचं. मी आमच्याकडचंच धरून चालले. तुमच्याकडे ग्रेडसोबत क्रेडिटही काढत असतील, तर फॉर्मवर तसं लिहिलेलं असणार. तो किती पानांचा होता? सगळी वाचलीस का?

आता बोटं मोज. नववीत भूमिती, दहावीत बीजगणित २, अकरावीत प्री-कॅल्क्युलस. यंदा ती कुठलं गणित करतेय? तू लिहिलंस की सकाळी दवाखान्यात असते. शेवटच्या वर्षाचं गणित सगळीकडे सकाळीच असतं. विद्यापीठं चार वर्षांचं गणित मागतात. आठवीचं धरून तिची चार होत होती.

माझं चुकत असेल तर बरं होईल. चुकत नसेल तर दोष माझा, मी आधी विचारायला हवं होतं.

अर्लिस

*

नेब्रास्का, २४ ऑक्टोबर

अर्लिस,

चुकत नव्हतं तुझं. खूश?

विद्यापीठाचं पत्र आलं. 'गणिताची तीन वर्षं नोंदलेली दिसतात, चार आवश्यक आहेत, अर्ज अपूर्ण आहे.' एक डिसेंबरपर्यंत पूर्तता केली नाही तर फाइल बंद. सरासरी ३.७९ आहे म्हणून कुणी पाठ थोपटली नाही. सरासरीबद्दल एक अक्षर नाही.

मिसेस टोमनने माझ्याच सहीचा फॉर्म काचेला चिकटवून दाखवला. दुसरं पान. 'विषय, श्रेणी व क्रेडिट कायमचे वगळले जातील. हा निर्णय बदलता येणार नाही.' खाली माझी सही, चांगली टपोरी. मी म्हटलं, अहो, मुलगी प्री-कॅल्क्युलस करून बसलीय, तिला बीजगणित येतं हे शेंबडं पोरही सांगेल. ती म्हणाली, येतं की नाही हा प्रश्नच नाही, कागदावर आहे की नाही हा प्रश्न आहे. हे ती अगदी सौम्यपणे म्हणाली, त्यामुळे मला जास्त राग आला.

मिस्टर लुबेन दोन मार्ग सांगतात. एक, दवाखान्याचा वर्ग सोडून सकाळच्या गणितात बसायचं. म्हणजे ज्यासाठी ती विद्यापीठात जाणार तेच सोडायचं. दुसरा, जानेवारीपासून नववीच्या पोरांसोबत पुन्हा बीजगणित १. माझी सतरा वर्षांची मुलगी, गाडी चालवते, गाईंची बाळंतपणं करते, तिने चौदा वर्षांच्या पोरांमध्ये बसून 'एक्स म्हणजे काय' शिकायचं. आणि तेही डिसेंबरच्या तारखेत बसत नाहीच.

मी केलं भलं करायला. तुझ्या सल्ल्याने केलं, हेही लिहून ठेवते. इतकी वर्षं त्या खिडकीच्या आत बसलीस, आणि एक ओळ सांगायची राहिली तुझी. ब्रेना माझ्याशी हवामानापुरतं बोलते. 'थंडी आहे.' 'हो, आहे.' बास.

जनेल

*

नेब्रास्का, २ नोव्हेंबर

प्रिय अर्लिस मावशी,

आईने तुला काय लिहिलं असेल याचा मला अंदाज आहे. फ्रीजवर तुझा पत्ता असतो म्हणून मीही लिहितेय. तिला सांगू नकोस असं म्हणणार नाही, सांगितलंस तरी चालेल. पण रागावू नकोस.

फ्लू नव्हता. मी आठवीत असताना बाबा फेब्रुवारीत वायोमिंगला निघून गेले आणि आई अंथरुणाला खिळली. आजारी नव्हती, म्हणजे ताप वगैरे नव्हता. उठायचीच नाही. सकाळी मी दप्तर घेऊन दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. तिला एकटीला सोडून जायची मला भीती वाटायची. शाळेला फोन मीच करायचे, आईच्या आवाजात. 'ब्रेनाला बरं नाही.' मला तो आवाज चांगला जमायचा. मेपर्यंत एकतीस दिवस झाले.

बीजगणित मी तिच्या पलंगाशेजारी खाली बसून शिकले. पुस्तकातून, एकटीच. गणितं मोठ्याने वाचायचे, म्हणजे खोलीत कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. एप्रिलमध्ये एकदा मी अडले, तेच गणित तीनदा वाचलं, आणि आई तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "उणे चार." मी करून बघितलं. बरोबर होतं. त्यानंतर दोन दिवसांनी तिने केस धुतले.

म्हणून मला तो सी हवा होता, मावशी. बाकीचे ए शाळेत जाऊन कुणीही मिळवतं. तिला तो दिसला की ते दिवस दिसतात, म्हणून तिला तो नको. सरासरी वगैरे नंतरचं. हे तिने मला सांगितलेलं नाही, पण कागद बघताना तिचं तोंड कसं झालं ते मी बघितलंय.

पुसलेली ओळ परत आणता येते का? येत नसेल तरी ठीक आहे. डॉक्टर ओल्टमन मला दवाखान्यात ठेवून घेतील. घराजवळच आहे, एका परीने तेही बरंच.

तुझी,
ब्रेना

*

आयोवा, ९ नोव्हेंबर

जनेल,

ब्रेनाचं पत्र आलं. तिने सगळं लिहिलंय. हे वाचून तू आधी चिडशील, मग रडशील, म्हणून कामाचं आधी लिहिते.

तुझ्या सहीने हायस्कूलची नोंद गेली. मिडल स्कूलची नाही. त्यांचं स्वतःचं कार्ड असतं, दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या कपाटात, आणि त्याला हायस्कूलचा कुठलाही फॉर्म हात लावू शकत नाही. त्यावर आठवीचं बीजगणित असणार, सी असणार आणि हजेरीही असणार. ब्रेना अजून अठराची नाही, त्यामुळे ते पालकालाच मागावं लागतं. कार्डाची सही-शिक्क्याची प्रत घे आणि विद्यापीठाला पाठव. सोबत तुझं पत्र लागेल, कारण ते विचारणारच की ओळ का काढली आणि आता परत का आणताय. खरं लिही. अर्धवट लिहिलंस तर तिथे बसलेली बाई ते ओळखते. मी ओळखायचे.

आता माझं. तू मला फ्लू सांगितलास. चार तासांच्या रस्त्यावर मी होते, नुकतीच निवृत्त झालेली, दिवसभर शब्दकोडी सोडवत होते. त्या मार्चमध्ये तुझं एक कार्ड आलं होतं, त्यावर ससा होता आणि 'सगळं छान' असं लिहिलं होतं. ते तू लिहिलं होतंस की पोरीने? मला फार लागलंय हे, जनेल. तू आजारी पडलीस याचं नाही. तेरा वर्षांच्या पोरीला कळलं आणि मला कळू दिलं नाहीस, याचं.

सल्ला माझा चुकला, ते कबूल. पण मला खरी गोष्ट ठाऊक असती, तर ती ओळ काढायला मी सांगितलंच नसतं.

अर्लिस

*

नेब्रास्का, २० नोव्हेंबर

अर्लिस,

ससा ब्रेनाने निवडला होता. अक्षरही तिचंच.

चिडले, मग रडले. तुझा क्रम बरोबर होता. आठवडाभर मी ते पत्र लिहीत होते. पहिल्यांदा 'कौटुंबिक अडचण' लिहिलं. मग 'प्रकृतीच्या कारणाने'. दोन्ही फाडली. मिडल स्कूलमधल्या बाईने कार्ड पाच मिनिटांत काढून दिलं, प्रत काढायचं यंत्रही तिचंच वापरलं. मला वाटलं होतं हजेरीचा रकाना बघून ती काहीतरी बोलेल. तिने फक्त लिफाफा दोनदा चिकटवला.

विद्यापीठाला जे गेलं त्याची नक्कल खाली उतरवतेय. दुसरी प्रत ब्रेनाच्या खोलीत टेबलावर ठेवली आहे. तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही.

'प्रवेश विभागास. माझी मुलगी ब्रेना हिने आठवीत बीजगणित १ पूर्ण केलं. तिला सी मिळाला. ती नोंद मी तिला न विचारता काढून टाकली, कारण ती मला बघवत नव्हती. सोबतच्या कार्डावर एकतीस गैरहजेऱ्या दिसतील. ती आजारी नव्हती, मी होते. पती सोडून गेल्यावर मी काही महिने अंथरुणातून उठले नाही, आणि ती माझ्यापाशी घरी राहिली. त्याच खोलीत तिने हा विषय कुणाच्या मदतीशिवाय शिकला. ती नापास झाली नाही, हेच मला आता नवल वाटतं. तो सी तिने कमावलेला आहे. तो तिच्या नावावर परत घ्यावा, ही विनंती.'

जनेल

*

नेब्रास्का, १४ डिसेंबर

प्रिय अर्लिस,

प्रवेश मिळाला. हव्या त्या कोर्सला, याच वर्षी. काल दुपारी कळलं.

आता पुढचं ऐक आणि बसून ऐक. प्रवेश विभागातल्या बाईंनी वेगळं पत्र पाठवलंय. कार्ड मिळालं, गणिताची चार वर्षं पूर्ण धरली. आणि खाली लिहिलंय की माहितीसाठी कळवतो, नववीच्या आधी घेतलेला विषय झाला आहे की नाही एवढंच आम्ही बघतो, त्याची ग्रेड आम्ही सरासरीत धरतच नाही. सरासरी आम्ही आमची वेगळी काढतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांच्या लेखी ती ३.७९च होती. मी सप्टेंबरपासून ज्याच्यामागे रान उठवलं, तो सी त्यांना दिसतच नव्हता. तुला अठ्ठावीस वर्षांत हे कुणी सांगितलं नाही? मी भांडत नाहीये, नुसतं विचारतेय. कपाळावर हात मारून मारून कपाळ लाल झालंय.

ब्रेनाने माझ्या पत्राची प्रत वाचली होती हे मला माहीत होतं, कारण ती टेबलावरून नाहीशी झाली. काल प्रवेशाचं कळल्यावर तिने लॅपटॉप उघडला. 'जागा स्वीकारली' असं एक बटण दाबायचं असतं. ती दाबेना. मी म्हटलं, अगं दाब की, आता काय राहिलं. तिने माझ्याकडे न बघताच विचारलं, "मी गेले आणि तू परत उठली नाहीस, तर कुणाला कळणार?"

नेहमीसारखं 'काही होत नाही मला' म्हणणार होते, तोंडापर्यंत आलं होतं. पण ते पत्र लिहिल्यापासून तसलं काही बोलता येत नाही. खरं सांगायचं तर नोव्हेंबरात दोन दिवस सकाळी मी उठलेच नाही. ती दवाखान्यात होती म्हणून तिला कळलं नाही. दुपारी उठून मी दुकानात गेले.

मी म्हटलं, अर्लिसला कळेल. रोज सकाळी मी तिला फोन करेन, आणि ज्या दिवशी माझा फोन आला नाही त्या दिवशी ती निघेल. ब्रेनाने विचारलं, मावशीला हे माहीत आहे का? नाही म्हटलं. मग ती म्हणाली, आधी तिला विचार, तोपर्यंत मी थांबते. लॅपटॉप मिटून ठेवला. सोळा जानेवारी शेवटची तारीख आहे.

तर विचारतेय. चार तासांचा रस्ता आहे, बर्फ पडलं की सहा. तू एकोणसत्तर वर्षांची आहेस आणि आपण रोज भांडू. नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन, पण तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही.

जनेल

*

आयोवा, १७ डिसेंबर

जनेल,

सकाळी सातला. सव्वासातपर्यंत वाट बघेन, मग गाडी काढेन.

ब्रेनाला म्हणावं, दाब.

अर्लिस